लिंबूटिंबू की खिजगणतीत नसलेले?

तळोद्याहून
आमच्या आश्रमशाळेच्या मुलींनी फुटबॉलच्या बाद फेरीत शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेला १-० ने हरवलं. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होता, 'लिंबूटिंबू संघाचा धक्का'. कात्रण फलकावर लावायला घेतलं, तर आमची गोलकीपर म्हणाली, "सर, आम्ही लिंबूटिंबू कशा?" मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजीत अशा संघाला 'अंडरडॉग' म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता?

जळगावहून
सर, आधी मुलींचं अभिनंदन कळवा. 'दुबळा' किंवा 'कमकुवत' संघ हे नेहमीचे शब्द आहेत. निवडणुकीच्या बातम्यांत 'जायंट किलर' रूढ झालाय, पण ती पदवी जिंकल्यावरच मिळते. सामन्याआधी काय म्हणायचं, हा प्रश्न राहतोच.

अमळनेरहून
त्या मुलीचा आक्षेप मला शंभर टक्के पटतो. लिंबूटिंबू, कच्चा लिंबू हे शब्द पोरांच्या खेळातले. धाकटं भावंड रडू नये म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याला कोणी बाद धरत नाही. बाद फेरीत नेमकं उलटं असतं. तिथं लहान संघही एका हरण्यात घरी जातो, कुणी सूट देत नाही. बाद होण्याची जोखीम पुरती उचलणाऱ्याला कच्चा लिंबू म्हणणं भाषेच्या अंगानंही चूक आहे.

'नवखा'ही बसत नाही. इंग्लंडच्या एफए कप या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेतलं १९७२ चं उदाहरण घ्या. हेरिफर्ड युनायटेड तेव्हा इंग्लंडच्या मुख्य लीगबाहेर, सदर्न लीगमध्ये खेळत होता, आणि समोर पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या विभागातला न्यूकॅसल. आधी न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली. फेरसामना पावसापाण्यामुळे पुन्हा पुन्हा लांबला आणि ५ फेब्रुवारीला हेरिफर्डच्या चिखलात झाला. शेवटच्या दहा मिनिटांत न्यूकॅसल पुढे गेलं, तेव्हा सगळं संपल्यासारखं होतं. मग रॉनी रॅडफर्डनं लांबून असा फटका मारला की चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात गेला. जादा वेळेत रिकी जॉर्जनं विजयी गोल केला. रॅडफर्ड पेशानं सुतार होता. ही मुरलेली, मेहनती माणसं होती, फक्त त्यांना कोणी मोजत नव्हतं.

म्हणून माझं मत 'खिजगणतीत नसलेले' या शब्दांना. 'दुबळा' म्हटलं की उणीव संघाच्या अंगाला चिकटते. 'खिजगणतीत नसलेला' म्हटलं की बोट मोजणाऱ्याकडे जातं.

'छुपा रुस्तम' मात्र वेगळा. त्याच्यात ताकद आहे, ती त्यानं झाकून ठेवलीय. हेरिफर्डनं काही झाकलं नव्हतं.

भुसावळहून
दादा, एक शंका. आपल्याकडे कुस्ती एवढी मुरलेली, 'अस्मान दाखवणे', 'चितपट करणे' हे सगळं तिथूनच आलं. मग अशा पैलवानासाठी आखाड्यानं शब्द कसा दिला नाही?

अमळनेरहून
ताई, मला वाटतं कारण जोडीत आहे. यात्रेतल्या फडावर पंच मंडळी वजन, अंगकाठी बघून तोलामोलाची जोड लावतात. पोरसवदा गड्याला नावाजलेल्या मल्लासमोर सहसा उभंच करत नाहीत. चषकात सोडत निघते आणि चिठ्ठी सांगेल तो समोर येतो. हा शब्द सोडतीच्या खेळाला लागतो.

इतर भाषांनी तो आपापल्या मातीतून घेतलाय. मोठ्यांना हरवणाऱ्या लहान संघाला जर्मन लोक 'पोकालश्रेक' म्हणतात, म्हणजे चषकातली धास्ती. फ्रेंचांचा 'प्टी पूसे' हा लोककथेतला अंगठ्याएवढा पोरगा. २००० साली चौथ्या श्रेणीतला हौशी कॅले संघ फ्रेंच चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, उपांत्य फेरीत त्यांनी बोर्दोला ३-१ ने हरवलं. अंतिम सामना नाँतनं २-१ ने जिंकला, पण त्यांच्या कर्णधारानं कॅलेच्या कर्णधाराला सोबत घेऊन चषक उचलला. 'अंडरडॉग' तर कुत्र्यांच्या झुंजीत खाली सापडलेला कुत्रा. मुलींना तो शब्द लावायला माझी जीभ रेटत नाही.

साक्रीहून
आमनी अहिरानीमा एकच वाक्य पुरस: "धाकलासनी मोठासले पाडं!" म्हणजे धाकट्यांनी मोठ्यांना पाडलं. 'धाकला'मध्ये हिणवणं नाही, घरातलं धाकटेपण आहे. धाकला मोठा होतो, दुबळा दुबळाच राहतो.

जळगावहून
१९११ चा कोलकात्याचा मोहन बागान संघ विसरू नका. २९ जुलैला आयएफए शिल्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. अकरांपैकी दहा जण अनवाणी. शिबदास भादुरीनं बरोबरी साधली, अभिलाष घोषनं विजयी गोल केला. तिथे 'दुबळा' लिहून बघा, हात अडखळेल. मी माझा शब्द मागे घेतो.

तळोद्याहून
सगळ्यांचे आभार. कात्रण लावलं. वरच्या मथळ्यावर कोरी पट्टी चिकटवून गोलकीपरच्याच हातून लिहून घेतलं: 'खिजगणतीत नव्हतो, आता मोजा.' पुढची सोडत सोमवारी आहे.