फुकट दिलेल्या चित्रांची विक्री

‘एकदा फुकट दिले की दुसऱ्याने विकले तर वाईट कशाला वाटून घ्यायचे?’ या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नातला तर्क मला पटतो, पण मन तेवढ्याने मानत नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने, लोकांनी तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (म्हणजे काही अटींवर इतरांना फुकट वापरू देणाऱ्या परवान्याखाली) दिलेली हौशी छायाचित्रे कॅनव्हासवर छापून विकायला काढली, तेव्हा नेमके हेच घडले. व्यापारी वापराची मुभा देणारा परवाना छायाचित्रकारांनी स्वतःच निवडलेला असल्याने कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती; तरीही त्या विक्रीतला एक पैसाही आपल्याला मिळणार नाही हे कळल्यावर अनेकजण इतके दुखावले, की डिसेंबरमध्ये कंपनीने माफी मागून ती विक्री थांबवली.

मी स्वतः हौसेने रेषाचित्रे काढतो. असाच परवाना देऊन वाटलेला माझा एक गणपती एका दुकानात कपावर छापलेला दिसला, तेव्हा राग पैशाचा आला नाही. कोपऱ्यातली माझी बारीक सही पुसून तिथे दुर्वांची जुडी काढली होती, ते झोंबले. (दुर्वा चांगल्या जमल्या होत्या, हे कबूल करतो.) भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५७ नुसार प्रताधिकार विकून टाकल्यावरही कर्तेपणाचा दावा करण्याचा हक्क कलाकाराकडे उरतो, त्यामुळे श्रेय मागण्याला हट्ट म्हणता येणार नाही. ज्यांना विक्रीच नको आहे त्यांनी व्यापारी वापर वगळणारा परवाना आधीच निवडावा. मात्र तशी चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रे पुरवणाऱ्या मुक्त संग्रहात, स्वीकारली जात नाहीत. मी अजून तरी तिथेच चढवतो, फक्त सही आता गणपतीच्या सोंडेच्या वळणात करतो.