कॉल सेंटरमधून नेटवर्किंगमध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी_हिंजवडी
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, पुण्यात ब्रॉडबँड कंपनीच्या टेक सपोर्टला फोन घेते. "राउटर बंद करून चालू करा, लाल दिवा दिसतोय का" हेच चालू असतं. एका क्लासवाल्याने सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं पायाभूत सर्टिफिकेट), सीसीएनपी (त्याच्या पुढचं) आणि फायरवॉल असं पॅकेज सांगितलंय, वर "प्लेसमेंटची शंभर टक्के गॅरंटी". फी ऐकूनच घाम फुटला. घेऊ का? आणि इंजिनिअरिंगची डिग्री नाही, त्याने अडेल का?

एनओसीकर
पॅकेज घेऊ नका. अनुभव नसताना बायोडेटावर सीसीएनपी दिसलं की मुलाखत घेणारा मुद्दाम खोलात शिरतो, आणि मग पंचाईत होते. आधी फक्त सीसीएनए. एकच पेपर, कोड २००-३०१, दोन तासांचा. फी ३०० डॉलर, वर टॅक्स. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, फुकट मिळतं, सरावाला तेवढं पुरे. डिग्रीची अट काही ठिकाणी असते, सगळीकडे नाही.

तुमचं आत्ताचं काम फुकट गेलं असं समजू नका. ग्राहकाचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय, म्हणजे डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणारी यंत्रणा) पत्ता मिळालेलाच नाही. ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे पोच तपासणारा संदेश, जातोय पण साइट उघडत नाही, मग आधी डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) बघायचं. हे तुम्ही रोज फोनवर करताच, फक्त स्क्रिप्टमध्ये त्याला 'स्टेप ४' म्हणतात. स्क्रिप्ट असं का सांगते ते शोधत गेलात की निम्मा अभ्यास तिथेच होतो.

आमच्याकडे एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात, एल-वनच्या (पहिल्या पायरीच्या) मुलाखतीत हमखास विचारतात: दोन पीसी एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळा पाडलेला गट), पण वेगवेगळ्या स्विचवर, पिंग जात नाही, काय बघाल? पाठांतरवाले इथे गप्प होतात. ट्रेसरमध्ये दोन स्विच जोडा, ट्रंकवरून (स्विचना जोडणारी, अनेक व्हीलॅन वाहणारी लिंक) तो व्हीलॅन स्वतःच काढून टाका आणि मग बिघाड शोधा. सबनेटिंगही, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायचा हिशोब, तोंडपाठ हवं. /२६ म्हटलं की ६४ पत्ते, वापरायला ६२, कागद न घेता.

क्रिम्पिंगवाला
निम्मं पटलं. पण पॅकेट ट्रेसरमधली केबल कधी अर्धवट तुटत नाही हो! आमच्या साइटवर एका टेबलाला सारखा १०० एमबीपीएसच मिळायचा. सगळे स्विचचं कॉन्फिगरेशन बघत बसले. शेवटी निघालं काय, तर क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे केबलला कनेक्टर दाबून बसवताना, तारांची तपकिरी जोडी नीट बसली नव्हती. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. ताई, जमलं तर आधी थोडे दिवस फील्ड किंवा डेस्कटॉप सपोर्ट करा. पगार फार नसतो, पण हात बसतो.

एनओसीकर
हात बसतो हे खरं. पण फील्डला गेलेली आमची काही पोरं तिथेच राहिली, दिवसभर बाईकवर, अभ्यासाला वेळ कुठला? माझं मत एनओसीच.

रात्रपाळी_हिंजवडी
खूप आभार दोघांचे. क्लासला नाही म्हणून टाकलं. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. आणि एनओसीत गेल्यावर रात्रपाळी तरी सुटेल ना?

एनओसीकर
ट्रेसर चालेल, ईव्ह-एनजीच्या (तसंच, पण जास्त रॅम खाणारं सॉफ्टवेअर) नादी आत्ता लागू नका. रात्रपाळी नाही सुटणार, एनओसी २४ तास चालतं. शिव्या देणारे ग्राहक मात्र सुटतील, त्यांच्या जागी टेलिकॉमवाल्यांच्या मागे लागायचं, "लिंक कधी येणार?" म्हणत. एक राहिलं, बाहेर अर्ज करण्याआधी तुमच्याच कंपनीत आयजेपी (आतल्याच लोकांसाठीची भरती) निघते का बघा. ब्रॉडबँडवाल्यांचं स्वतःचं एनओसी असतंच.

रात्रपाळी_हिंजवडी
आहे, वरच्याच मजल्यावर! पण टीएल (टीम लीडर) सोडेल असं वाटत नाही. त्याला आधी सांगू की अर्ज टाकून?

क्रिम्पिंगवाला
आधी एचआरकडून नियम काढा. बऱ्याच ठिकाणी टीएलच्या मंजुरीशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. आणि महिनाअखेरीला विचारू नका, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त टार्गेट असतं.