चाळिशीतले फ्रेंच आणि परीक्षेची निवड

कॅनडाला जाण्याआधी चाळिशीत फ्रेंच जमेल का आणि डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा द्यावी का, असे आपण विचारले आहे. डेल्फचे प्रमाणपत्र आयुष्यभर टिकते हे खरे. परंतु तेथे कायम स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एन्ट्री या अर्जपद्धतीत फ्रेंचच्या परीक्षांपैकी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यांचेच निकाल चालतात, तेही २ वर्षांच्या आतले, त्यामुळे परीक्षेची घाई करू नये. वयाची धास्ती मला अनाठायी वाटते, कारण घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या बेळगावकराला आणखी एक भाषा जड जाऊ नये. खरी कसोटी ऐकण्याची आहे: शब्दाअखेरची बरीच व्यंजने उच्चारली जात नाहीत, मात्र पुढे स्वर आला की त्यांतली काही ऐकू येतात. त्यासाठी रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलच्या सोप्या फ्रेंचमधील बातम्या रोज ऐकाव्यात.