मदत हवी आहे: मोठ्या माणसांच्या मापाचे पदवीचे गाऊन भाड्याने कुठे मिळतील?
नमस्कार मंडळी. परळच्या आमच्या रात्र महाविद्यालयात यंदा बी.कॉम. झालेल्यांचा छोटा सत्कार ठरतोय. पदवी देण्याचा मान १८५७ पासून विद्यापीठाचाच, त्याला धक्का नाही! पण दिवसा कुरिअर आणि दुकानं सांभाळून शिकलेल्यांना आपलं नाव घरच्यांसमोर पुकारलेलं ऐकायचंय. सुट्टी फक्त रविवारी.

गॅदरिंगचे ड्रेसवाले बहुतेक लहान मुलांचीच मापं दाखवतात. आमच्यात पन्नाशीच्या दोन काकूही आहेत. दादर-लालबाग भागात कुणी ओळखीचं आहे का? डिपॉझिट किती, धुलाई वेगळी लागते का, तेही सांगा. टोपीऐवजी उपरणं द्यावं असं माझं मत; पोरांना मात्र टोपी उडवतानाचा फोटो हवाय.