आधी रंगाची जाडी मोजा, मग पॉलिशिंग मशीन लावा
वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या रंगावरचे ओरखडे काढायला क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) झाला की थेट हेवी कंपाऊंड (रंगाचा थर जोरात घासणारी पेस्ट) आणि मशीनला लोकरीचं वूल पॅड लावा, असं कुणीतरी इथे सुचवलंय. क्लेबद्दल सहमत, पुढच्याबद्दल अजिबात नाही. अशा गाडीचं एखादं पॅनल पुन्हा रंगवलेलं असू शकतं, म्हणून आधी पेंट गेजने (रंगाची जाडी मोजणारं उपकरण) प्रत्येक पॅनल चार-पाच जागी मोजा. कंपनीचा रंग साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) भरतो. 200 च्या बराच वर गेला तर रंगकाम झालंय, 500 च्या पुढे बहुधा खाली पुट्टी. 80 च्या खाली दिसला तर बहुधा आधीच कोणीतरी घासून ठेवलाय, तिथे कंपाऊंड नकोच. वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, कडांवर त्याहून पातळ. बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप लावाच. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही.

सुरुवात फोम पॅड आणि सौम्य फिनिशिंग पॉलिशने, दीड-दोन फुटांच्या चौकोनावर. ओरखडे राहिले तरच पुढची पायरी. नागपूरच्या मे महिन्यात हे काम पहाटे, सावलीतच करा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं आणि पुसताना नवे ओरखडे पडतात. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे राहत असाल तर गाडीवरची राख कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा.