पालकाचा रस कोणकोण घेतंय?

बी-४०२ काकू: नमस्कार. गेल्या महिन्यात ग्रुपवर पालक-मेथीच्या रसाचा मेसेज आला होता, रोज अनशापोटी ग्लासभर घ्यायचा म्हणून. आमच्या ह्यांनी तीन आठवडे नेमाने घेतला. ह्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम गोळी कायमची चालू. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २.५ ते ३.५ च्या मध्ये लागतो, काल १.६ आला! डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खाण्यात काय बदललं?" रस सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. आता चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ही गोळी कुणाकडे चालू असेल तर रसाच्या नादी लागू नका.

ए-१०३: काकू, तो मेसेज मीच टाकला होता. पालेभाजीने असं काही होईल हे मनातही आलं नाही. खूप वाईट वाटतंय.

बी-४०२ काकू: अगं, तुझं काय चुकलं? भल्यासाठीच टाकलास ना.

सी-२०१ काका: ३५ वर्षं औषधाच्या दुकानात काढली, म्हणून सांगतो. ही गोळी 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवते, त्यामुळे रक्त पटकन गोठत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर यांत 'के' भरपूर. जेवणात वाटीभर भाजी वेगळी आणि रोज जुडीचा रस वेगळा. गोळीचा जोर कमी पडतो, कृत्रिम झडपेवर गुठळी धरायची भीती.

ए-३०४: बाबांना हीच गोळी आहे. पालेभाजी बंदच करू का मग?

सी-२०१ काका: मुळीच नको! एकदम बंद केलीत तर आयएनआर उलट वर जाईल. डोस नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो. आठवड्यातून दोनदा मेथी होत असेल तर दोनदाच होऊ दे. काही घरांत श्रावणात पालेभाजी सोडतात, तसं असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.
खरं तर भाजीपेक्षा मला धास्ती पोट बिघडल्यावर स्वतःच आणलेल्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची. त्याने आयएनआर फार चढतो. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही परस्पर नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शी, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

ए-३०४: बाबा परवाच डायक्लोफेनॅक घेऊन आलेत 😟 पाकीट काढून ठेवते, डॉक्टरांना आत्ताच फोन लावते.

डी-५०२: काका, जरा वेगळं विचारते. सासूबाई थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच घेतात, विसरायला नको म्हणून. चालतं ना?

सी-२०१ काका: नाही चालत. कॅल्शियम थायरॉईडची गोळी पोटात धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, लोहाच्या गोळीलाही तेच. थायरॉईडची उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

डी-५०२: म्हणून थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच उतरत नव्हता का? दोनदा डोस वाढवून झाला!

सी-२०१ काका: असू शकेल. पण डॉक्टरांना हे सांगा बरं, नाहीतर वेळा सुधारल्यावर वाढवलेला डोस जास्त होईल.

डी-५०२: उद्या संध्याकाळी त्यांच्या सगळ्या गोळ्या घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल?

सी-२०१ काका: या की. चूर्णं, काढे, झोपेची गोळी, सगळी पिशवी घेऊन या.