परदेशात दोघांनी भारतीय हॉटेलात काय मागवावं? सांगली-साताऱ्याकडच्यांसाठी अनुभव धागा

मंडळी, आपल्याकडची नवी जोडपी नोकरीसाठी बाहेर जातात. पहिल्या महिन्यात घरात कुकर नसतो, मसाल्याचा डबा अजून बॅगेतच असतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी दोघं जवळचं भारतीय हॉटेल शोधतात. मेनूवर 'कोल्हापुरी' दिसतं म्हणून तेच मागवतात आणि समोर येते लालभडक, गोडसर, काजूची ग्रेव्ही. यात कुणी फसवत नाही. त्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण मसाला नसतोच, आणि आचारी बहुधा पंजाबचा, सिल्हेटचा किंवा नेपाळचा असतो. त्याच्या हाताला जे बसलंय ते मागवलं तर जेवण चांगलं होतं. तेव्हा तुमच्या देशातलं सांगा. आठवणी नकोत. काय मागवायचं, किती मागवायचं, बिल कसं येतं आणि बिघडतं कुठे, एवढंच नेमकं लिहा.

मूळ मिरज, सध्या बर्मिंगहॅम

ब्रिटनमधली बरीचशी जुनी 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांची आहेत. त्यांची पद्धत कळली की मेनू आपोआप वाचता येतो. दिवसाच्या सुरुवातीला मोठ्या पातेल्यात भरपूर कांदे, थोडं गाजर, ढोबळी मिरची, आलं-लसूण, तेल आणि जुजबी मसाला पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवतात आणि घोटून एकजीव करतात. ही बेस ग्रेव्ही. दिसायला सारासारखी पातळ, चवीला जवळजवळ आळणी. चिकन, मटण, बटाटे, डाळ हे सगळं वेगळं आधीच शिजवून ठेवलेलं असतं. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, आलं-लसणाची पेस्ट, मसाल्याची मिश्र पूड, तिखट आणि पाण्यात सैल केलेली टोमॅटो प्युरी. ते तेल सुटेपर्यंत परततात, मग मोठ्या आचेवर एकेक डाव बेस ग्रेव्ही. ग्रेव्ही पॅनच्या कडेला धरते, तिथे जरा करपते, ती खरवडून पुन्हा आत घेतात. चव त्या खरवडीत असते. पाच-दहा मिनिटांत पदार्थ टेबलावर येतो.

म्हणून 'तिखट जास्त' हे ऑर्डर देतानाच सांगा, म्हणजे तिखट तेलात पडतं आणि शिजतं. आलेली भाजी परत पाठवली तर तयार ग्रेव्हीत वरून तिखट घालून देतात. ते कच्चं लागतं आणि घसा धरतो. कोर्मा तिखट करून मागूच नका, त्यात नारळ, क्रीम आणि साखर असते. धनसाक म्हणजे डाळ घातलेलं आंबटगोड. मद्रास तिखट, विंदालू त्याहून तिखट. गोव्यातल्या व्हिनेगर-लसणीच्या विंदालूशी त्याचं नातं नावापुरतं, आणि इथं त्यात बऱ्याचदा बटाटाही असतो. आपल्या जिभेला दोनच गोष्टी जवळच्या वाटतात: हिरव्या मिरच्यांची जालफ्रेझी आणि आटवलेला भुना. बाल्टी ही तर 1970 च्या दशकातली इथली, बर्मिंगहॅमचीच चीज. पातळ पोलादी कढईत मोठ्या आचेवर करतात आणि त्याच कढईत वाढतात. कढई चरचरत आली नाही आणि नुसती भांड्यात ओतून आली, तर ती बाल्टी नव्हे.

दोघांना एक मटणाचा किंवा चिकनचा पदार्थ, साइड डिश म्हणून तडका डाळ, एक पुलाव आणि एक नान पुरतं. इथं भात वेगळा घ्यावा लागतो. बसल्या बसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो, तो फुकट असेलच असं नाही. कुठे कुठे माणशी आकार लावतात, आधी विचारा. बिलात 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज दिसला आणि त्याखाली 'ऐच्छिक' लिहिलं असेल, तर वाढप नीट नसल्यास काढायला सांगता येतो. तो दिला असेल तर वर टिप नको. इंग्लंड-वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या हॉटेलला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, बाटली घ्यायची गरज नाही.

मूळ कराड, सध्या फ्रँकफर्टजवळ

जर्मनीत बहुतेक ठिकाणी जेवण पंजाबी वळणाचं आणि इथल्या लोकांच्या जिभेला बेतलेलं, म्हणजे क्रीम जास्त, तिखट नावाला. 'शार्फ' म्हणजे तिखट, पण नुसतं 'शार्फ' म्हटलं तर जर्मन माणसाचं तिखट येतं. 'इंडिश शार्फ' म्हणा. मुख्य पदार्थासोबत भात बहुधा येतोच, म्हणून दोघांनी दोन पदार्थ घेतले तर वेगळा भात मागवू नका, फक्त नान घ्या.

वेळ सांभाळा. दुपारचं जेवण अडीचच्या सुमाराला आटोपतं आणि पुष्कळ ठिकाणी साडेपाचपर्यंत किचन बंद असतं. आठवड्याच्या दिवशी दुपारी स्वस्त मेनू असतो. नळाचं पाणी मागितलं तरी मिळेलच असं नाही. खिशात रोख ठेवा, कार्ड न घेणारी हॉटेलं अजून आहेत. पैसे देताना वाढपी विचारतो, एकत्र की वेगवेगळं? 'त्सुझामेन' म्हणजे एकत्र. टिप टेबलावर ठेवून निघत नाहीत. बिल 37 युरो असेल तर पैसे देतानाच '40' म्हणायचं. मेनूत पदार्थापुढे बारीक आकडे-अक्षरं असतात, ती घटकांची खूण असते. युरोपियन नियमात 14 ॲलर्जीकारक घटक आहेत आणि त्यात मोहरी आणि तीळही येतात. कुणाला काजू चालत नसतील तर ती यादी वाचल्याशिवाय ग्रेव्ही घेऊ नका.

मूळ वाई, सध्या न्यू जर्सी

मेनूवरची किंमत ही शेवटची किंमत नसते, हे आधी डोक्यात ठेवा. 50 डॉलरचं जेवण झालं तर 6.625 टक्के कर म्हणजे 3.31, आणि 18 टक्के टिप म्हणजे 9, एकूण 62.31. टिप कराआधीच्या रकमेवर धरायची. इथं टिप ऐच्छिक म्हणतात खरं, पण वाढप्याचं पोट तिच्यावर आहे, ती टाळू नका.

'लॅम्ब' म्हणजे मेंढीचं कोवळं मटण, त्याला चरबीचा वास असतो. आपल्याकडचं बोकडाचं मटण हवं तर 'गोट' लिहिलेलं शोधा, आणि हाडांसकट आहे का विचारा. नुसत्या बोटीला रश्शाची चव येत नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गुजराती, हैदराबादी, दाक्षिणात्य सगळं एका रस्त्यावर आहे. एक बिर्याणी दोघांना होते. दमाची बिर्याणी ताजी हवी तर शनिवार-रविवारी जा, कारण तेव्हा हंडे लागोपाठ उतरतात. वाढताना तळापासून घ्यायला सांगा, मसाला आणि मटण खाली बसलेलं असतं. बुफेला उघडल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात जावं. नंतर भजी नरम पडतात आणि भात वरून सुकतो.

मूळ पलूस, सध्या ऑस्ट्रेलियात, हॉटेलच्या किचनमध्ये

नान कशी मागवायची ते लिहितो, कारण निम्म्या टेबलांवर ती वाया जाते. तंदूर 400 अंशांच्या घरात तापलेला असतो. मैदा, दही किंवा दूध, थोडी साखर आणि खमीर असलेला गोळा भिंतीला लागला की दीड मिनिटाच्या आत फुगून त्यावर काळे फोड उठतात. बाहेर काढल्यावर हातात घ्या: कडा कुरकुरीत, मधला भाग कापसासारखा, वाफ बोटांना लागते. पाच मिनिटांत ती वाफ जाते, गार होताना मैद्यातला स्टार्च घट्ट होतो आणि नान चामड्यासारखी चिवट होते. म्हणून दोघांनी एकदम चार मागवू नयेत. एक घ्या, संपत आली की दुसरी सांगा. घरी नेलेली नान गरम करताना पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर ठेवा. अंडं न खाणाऱ्यांनी विचारावं, काही किचनमध्ये पिठात अंडं असतं.

भाकरी का मिळत नाही हे पुष्कळ जण विचारतात. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे ती तंदूरच्या भिंतीला धरत नाही. गरम पाण्यात मळून एकेक थापावी लागते, त्याला मोकळा माणूस लागतो. शिवाय इथपर्यंत आलेलं पीठ जुनं असतं. विरी गेलेलं पीठ थापताना चिरतं आणि उचलता येत नाही.

उरलेलं बांधून न्यायला कुणी लाजू नये. पण भाताची काळजी घ्या. शिजलेल्या भातात एक जीवाणू तग धरून राहतो आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढतो. त्याने सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सिनेमाला जाऊन मग घरी जाणार असाल तर भात सोडा, ग्रेव्ही न्या. नेलेला भात लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.

मूळ विश्रामबाग, सध्या लेस्टर

नानचं पलूसच्या दादांनी लिहिलंय ते अगदी खरं. मी शाकाहारी जोडप्यांसाठी लिहिते. 'व्हेज' खूण असली तरी दोन प्रश्न विचाराच: समोसे-भजी वेगळ्या तेलात तळता का, आणि भाज्यांच्या ग्रेव्हीचा डाव वेगळा आहे का. बहुतेक ठिकाणी कढई एकच असते आणि विचारलं तर ते खरं सांगतात. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर बेस ग्रेव्हीच्या हॉटेलात जाऊच नका, तिथं कांद्याशिवाय काही नाही. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती शाकाहारी हॉटेलं आहेत, तिथं थाळी घ्या. लंडनमध्ये युस्टनजवळचा ड्रमंड स्ट्रीट आणि वेम्बलीचा ईलिंग रोड.

उपवासाला साबुदाणा मिळेल ही आशा धरू नये. जिरा आलूत हळद-धणे असतात, म्हणून 'फक्त जिरं, मीठ, हिरवी मिरची' असं आधी फोन करून सांगावं. गर्दीच्या वेळी सांगितलं तर चुकूनही लक्षात राहत नाही.

मूळ तासगाव, सध्या टोकियो

इथली बरीच 'इंडियन' हॉटेलं नेपाळी मंडळी चालवतात. दुपारच्या सेटमध्ये ताटाबाहेर जाणारी गोडसर नान, करी आणि सॅलड. नान पुष्कळदा पुन्हा फुकट देतात. तिखट आकड्यांत विचारतात, वरचा आकडा घ्या. पण आपल्याला बरं वाटतं ते नेपाळी दाल-भात. मेनूच्या मागच्या पानावर असतो, किंवा विचारला तर निघतो. डाळ, भात, तरकारी, लोणचं, हे त्यांचं रोजचं जेवण आहे. टिप नाही. टेबलावरची चिठ्ठी घेऊन दाराशी पैसे द्यायचे.

मूळ सातारा, सध्या सिंगापूर

किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असली की 10 टक्के सर्व्हिस आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 100 चे 119.90 होतात. टिप नको. सेरंगून रोडच्या बाजूला केळीच्या पानावरचं जेवण घ्या.

मूळ मिरज, सध्या बर्मिंगहॅम

एक राहिलं. ब्रिटनमधल्या या हॉटेलांत कामगारांसाठी वेगळी 'स्टाफ करी' शिजते. हाडांसकट मटण किंवा चिकन, पातळ रस्सा, अख्खा मसाला, खरं तिखट, आणि बेस ग्रेव्ही जवळजवळ नाहीच. ती मेनूवर नसते. दोन-तीनदा गेल्यावर, मंगळवार-बुधवारी, आदल्या दिवशी नीट विचारलं तर बरेच जण दोघांपुरती ठेवतात. सोबत साधा भात, चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड मागा. शनिवारी मात्र विचारू नका, त्या रात्री किचनला मान वर करायला सवड नसते.